जनगणनेचा रकाना आणि यल्लम्माचा जोगता

कोल्हापूर-कागलकडून सौंदत्तीला निघालेल्या यात्रेकरूंच्या गाड्या आमच्या लहानपणी निपाणीवरून पुढे जात. मार्गशीर्षातील पौर्णिमा जवळ आली की रस्त्यावर उदोकार ऐकू येई. त्या मेळ्यात डोक्यावर देवीचा जग घेतलेला, लुगडे नीट चोपून नेसलेला, कपाळभर भंडारा माखलेला जोगता हटकून असे. कानडी मुलखात त्यालाच जोगप्पा म्हणतात. साऱ्याच जोगत्यांनी लुगडे नेसले असे नव्हे. परंतु ज्यांचा पिंडच बाईचा होता त्यांना या सीमाभागात देवीने एक जागा दिली, एवढे खरे.

रेणुका, जमदग्नी आणि परशुराम यांची कथा वाचकांस ठाऊक आहे, रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी'त या देवतेची मुळे फार खोलवर शोधली आहेत. जमदग्नीच्या वधाने देवी विधवा झाली असे मानून या पौर्णिमेला बांगड्या फोडल्या जातात, आणि फोडणाऱ्यांत जोगतेही असतात. पुरुषदेही माणसाने वैधव्य पाळावे आणि भोवतीच्या समाजाने ते गंभीरपणे मान्य करावे, ही गोष्ट सुशिक्षित मंडळींनी जितकी विचारात घ्यायला हवी होती तितकी घेतली नाही.

आपली घराणी या मुलखात कोणी पेशवाईत आली, कोणी निपाणकर देसायांच्या पदरी राहिली. आमच्या वाड्यात मंगळवारी-शुक्रवारी परडी घेऊन जोगता येई. आजी त्याला पीठ वाढी, पायाही पडे. मात्र तो उंबरठ्याच्या आत कधी आला नाही. जट निघाली, अंगात आले, गळ्यात दर्शन पडले की मुलगा देवीचा झाला. मग घरच्या जमिनीत त्याचा वाटा कोणी काढायचा? देवीने दिलेल्या जागेची ही किंमत होती.

येथे स्वतःविषयी एक वाक्य लिहिणे भाग आहे. आम्ही आजन्म अविवाहित राहिलो, ते आम्ही समलिंगी म्हणून. घरात हे सर्वांना कळले होते. उच्चार कोणी केला नाही. जोगत्याला नाव होते पण उंबरठा ओलांडता येत नव्हता. आम्ही माजघरात बसत होतो, परंतु आम्हांला नाव नव्हते.

आपल्या भागाचे राजकारण तर मोजणीवरच उभे आहे. 1956 च्या राज्य पुनर्रचनेनंतर कोणत्या गावात मराठी किती, कानडी किती, यावरच सारा वाद. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुसंख्या ही पाटसकर सूत्रे आम्हांला पाढ्यांसारखी पाठ होती. 1967 च्या महाजन अहवालाने निपाणी आणि खानापूर महाराष्ट्राला देऊ केले व बेळगाव कर्नाटकात ठेवले. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. 17 जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करावयास आम्हीही उभे राहिलो आहोत, आणि नोकरी कर्नाटक सरकारची होती म्हणून गर्दीत मागे उभे राहिलो आहोत. या सगळ्यात एकेक डोके मोलाचे. पण ते डोके कोणाचे, हे विचारायला सवड नव्हती.

1991 च्या जनगणनेत सीमेलगतच्या एका खेड्यात आमच्यावर देखरेखीचे काम होते. प्रगणकाने एका जोगत्यापाशी येऊन पेन थांबवले. रकाने दोनच, पुरुष आणि स्त्री. जोगता म्हणाला, "लिवा सायेब काय बी, देवीला ठावं हाय." आम्ही 'पुरुष' लिहावयास सांगितले. मातृभाषेच्या रकान्यासाठी मात्र त्याला तीनदा विचारले.

पुढे 2011 साली 'इतर' हा पर्याय आला आणि देशभरात 4,87,803 जणांची नोंद त्यात झाली. त्याच वर्षी कर्नाटकच्या पोलीस कायद्यात तृतीयपंथीयांची नोंदवही ठेवण्याचे कलम घालण्यात आले. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यातील नोंदवहीचीच ती आठवण. एका खात्याने माणूस म्हणून मोजावे आणि दुसऱ्याने संशयित म्हणून, असा तो प्रकार. न्यायालयात आव्हान मिळाल्यावर कलमातील तो शब्द काढला गेला. देवदासी प्रथेविरुद्धच्या कर्नाटकाच्या 1982 च्या कायद्यात अर्पण होते ती फक्त स्त्री. त्याच देवीला वाहिलेला जोगता त्या व्याख्येत बसला नाही. कायदा आवश्यक होता, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. त्याच्या कक्षेतून कोण सुटले, एवढेच सांगावयाचे आहे.

बेळगावचे 'बेळगावी' झाले ते 1 नोव्हेंबर 2014 रोजी. त्यावर आपल्या मंडळींनी किती शाई खर्च केली! त्याच वर्षी 15 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना आपली ओळख आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला, त्यावर आपल्या बैठकीत एक शब्द निघाल्याचे आम्हांला स्मरत नाही. आम्हीही काढला नाही. 6 सप्टेंबर 2018 रोजी कलम 377 च्या जाचातून आमच्यासारखे मोकळे झाले, तेव्हा निवृत्ती जवळ आली होती. 2021 मध्ये मंजम्मा जोगती पद्मश्री झाल्या, आणि त्याच वर्षी कर्नाटकाने सरकारी नोकऱ्यांत तृतीयपंथीयांसाठी एक टक्का जागा राखल्या. विवाहाचा हक्क 2023 मध्ये न्यायालयाने नाकारला. आमच्या वयाला त्याचे दुःख थोडे, तरुणांना फार.

2019 च्या कायद्यानंतर ओळखपत्रासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करण्याची सोय झाली. जोगत्यांच्या कागदांवर बापाने ठेवलेले नाव, आणि गाव ओळखते ते दुसरेच. निवृत्तीनंतर दोनतीन वर्षे आमच्या सोप्यावर बसून आम्ही असे अर्ज लिहून दिले, काही मराठीत सांगितलेले, काही कानडीत. पहिला आला तो बराच वेळ पायरीवरच उभा होता. अर्जदारांत मराठी किती आणि कानडी किती, हे आम्ही मोजलेले नाही.