हवेतलं पाणी आणि चुंगुंगोच्या जाळ्या

परवा गावच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत होता. मशीनचं बटण दाबलं की हवेतून पाणी सुरू! खाली लगेच कमेंट: "आपल्याकडं बसवा की, टँकरची कटकट कायमची मिटंल." मी माणदेशातला. लहानपणी टँकरमागे हंडा घेऊन पळालोय, त्यामुळे या वाक्यामागची आस मला कळते. म्हणूनच थोडा इतिहास सांगतो. पोस्ट लांब आहे, पण वाचा.

हवेतून पाणी धरायची कल्पना जुनी आहे. १९१२ साली क्रिमियातल्या फिओडोसियाजवळ झिबोल्ड नावाच्या वनअधिकाऱ्याने दव धरण्यासाठी दगडगोट्यांचा मोठा ढीग रचला. जवळच सापडलेले प्राचीन दगडांचे ढीग बघून त्याला वाटलं, ग्रीक लोक असंच शहराला पाणी पुरवत असणार. त्याच्या ढिगातून दिवसाला ३६० लिटरपर्यंत पाणी मिळालं. पण बुडाला गळती लागली आणि १९१५ मध्ये प्रयोग थांबला. पुढे अभ्यासकांनी दाखवून दिलं की ते प्राचीन ढीग म्हणजे थडगी होती! चुकीच्या समजातून का होईना, पाणी मात्र निघालं होतं.

खरी गोष्ट चिलीतल्या चुंगुंगोची. समुद्रकाठचं तीनेकशे वस्तीचं कोळ्यांचं गाव. पाऊस जवळपास नाहीच, पाणी टँकरचं. माणशी दिवसाला जेमतेम १४ लिटर. गावामागे एल तोफो हा डोंगर, तिथली लोखंडाची खाण बंद पडलेली. पण त्या डोंगरावर समुद्राकडून दाट धुकं येतं, त्याला तिकडे 'कामांचाका' म्हणतात. १९८७ पासून चिली आणि कॅनडाच्या संशोधकांनी तिथे शेडनेटसारख्या प्लॅस्टिकच्या जाळ्या उभ्या केल्या. एकेक जाळी ४८ चौरस मीटरची. वाऱ्याबरोबर धुकं जाळीतून जातं, थेंब धाग्यांना चिकटतात आणि ओघळून खालच्या पन्हाळीत पडतात. वीज नाही, मोटर नाही. १९९२ मध्ये हे पाणी पाइपने गावात आलं. घरोघरी नळ लागले. जाळ्या वाढत वाढत नव्वदच्या पुढे गेल्या, दिवसाला सरासरी १५,००० लिटर पाणी मिळू लागलं. लोकांनी परसात भाजीपाला लावला.

जगभर कौतुक झालं. आणि मग? दहाएक वर्षांत गाव पुन्हा टँकरवर!

धुकं आटलं नव्हतं. वाऱ्याने जाळ्या फाटत, त्या शिवायला माणूस आणि पैसा लागतो. संशोधक गेल्यावर ते काम नेमकं कुणाचं, हे पक्कं ठरलं नाही. गावची वस्ती वाढली, पाणी पुरेना. लोकांनाही वाटू लागलं, खरं पाणी म्हणजे पाइपलाइनचं. जाळ्या तशाच लोंबत राहिल्या.

हे वाचताना मला आमच्या गावचा बंद पडलेला आरओ प्लान्ट आठवला. उद्घाटनाचा फोटो आहे, मेंब्रेन बदलायला पैसे नाहीत.

आता व्हिडिओतल्या मशीनकडे येऊ. २०२२ मध्ये मध्य रेल्वेच्या मुंबईतल्या काही स्टेशनांवर 'मेघदूत' नावाची अशी यंत्रं आली. मुंबईची हवा दमट, वीज हाताशी, तिथे ते जमतं. हे यंत्र फ्रिजसारखं हवा गार करून वाफेचं पाणी करतं. एक लिटर वाफ पाण्यात उतरवायची तर तिच्यातून साधारण ०.६८ युनिटइतकी उष्णता काढून घ्यावी लागते. निसर्गाचा हिशेब आहे, कुठलीही कंपनी तो माफ करू शकत नाही. आणि आपल्याकडे टँकर लागतो कधी? मार्च-एप्रिल-मेमध्ये. नेमकी तेव्हाच दुपारची हवा कोरडीठाक असते. म्हणजे पाण्याची गरज सर्वांत जास्त असते, तेव्हाच यंत्र कमी पाणी देणार आणि लाइटबिल चढतं येणार.

यंत्र वाईट आहे असं मी म्हणत नाही. शाळेत, दवाखान्यात पिण्यापुरतं चालेलही. पण गावाची तहान त्यावर भागणार नाही. त्यासाठी ओढ्याचं, पावसाचं पाणी अडवण्याला पर्याय नाही.

उद्या कुणी असं मशीन घेऊन ग्रामसभेत आलं, तर टाळ्या वाजवण्याआधी तीन प्रश्न विचारा. एप्रिलमधल्या भर दुपारी ते किती लिटर देणार? लाइटबिल कोण भरणार? आणि तिसऱ्या वर्षी बिघडलं तर दुरुस्त कोण करणार, त्याचं नाव काय?

चुंगुंगोत तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वेळेवर मिळालं नाही. आपण तरी आधीच लिहून घेऊ.