‘पाठवा’ या बटणाचा इतिहास

विषय संगणकाचा आहे, पण मी तो एका साध्या क्रियापदाच्या बाजूने मांडणार आहे. पाठवणे. वेबपानावर आपण काही लिहितो आणि ते दूरच्या सर्व्हरकडे जातं. प्रश्न असा, की ते पाठवतं कोण?

नोव्हेंबर १९९५ मध्ये एचटीएमएल २.० चे नियम छापले गेले. त्यात फॉर्म आहे, आणि तो पाठवण्याचे गेट आणि पोस्ट असे दोन मार्ग आहेत. गेटमध्ये तुमचा मजकूर पत्त्याच्या ओळीतच उघडा दिसतो, अगदी पोस्टकार्डासारखा. पोस्टमध्ये तो विनंतीच्या पोटात जातो, म्हणजे पाकिटात; मात्र पाकीट चिकटवलेलं असेलच असं नाही. (नावांची अदलाबदल झाली असती तर मला शिकवायला सोपं गेलं असतं!) दोन्हींत बटण दाबणारे तुम्हीच. दाबलं की जुनं पान जायचं, नवं यायचं. माहिती गेली हे डोळ्यांना दिसायचं.

त्याच वर्षी नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत एका भाषेचा पहिला आराखडा उभा केला. तीच पुढे जावास्क्रिप्ट झाली. सुरुवातीला तिच्याकडे किरकोळ कामं होती : रकाना रिकामा राहिला का, आकड्याच्या जागी अक्षर पडलं का, एवढं बघायचं. दारावरचा कारकून म्हणा ना.

त्या कारकुनाच्या हातात टपालाची पिशवी आली ती मायक्रोसॉफ्टमध्ये. तिथल्या मंडळींना आउटलुकची ईमेल ब्राउझरमध्ये चालवायची होती, आणि प्रत्येक टिचकीला अख्खं पान बदललं तर पत्रं वाचणार कशी? म्हणून पान जागेवर ठेवून मागच्या मागे सर्व्हरशी बोलणारा एक घटक अ‍ॅलेक्स हॉपमन यांनी लिहिला. मार्च १९९९ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ बरोबर तो बाहेर पडला. नाव एक्सएमएलएचटीटीपी. त्यातलं ‘एक्सएमएल’ कशासाठी? तर ब्राउझरसोबत जाणाऱ्या एक्सएमएलच्या संचात त्याला जागा मिळाली म्हणून! पाठवायला कुठलाही मजकूर चालतो. अर्थाशी फारसा संबंध नसलेलं हे नाव अजून टिकून आहे.

पुढचं भराभर सांगतो. मोझिलाने ही सोय उचलली, २००४ मध्ये जीमेल आलं, आणि फेब्रुवारी २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला ‘एजॅक्स’ म्हटलं. २०१५ पासून ब्राउझरांत ‘फेच’ आलं. ते लगेच उत्तर देत नाही, ‘प्रॉमिस’ देतं, म्हणजे वचन. ते पाळलं जाईल किंवा मोडेल.

मला थांबायचंय ते डिसेंबर २००४ पाशी. गूगल सजेस्ट तेव्हा सुरू झालं. तुम्ही शब्द टंकत असतानाच सूचना दिसू लागल्या, कारण अर्धामुर्धा शब्दही सर्व्हरकडे जात होता. सोय झाली, नाही कसं म्हणू? पण ‘मी पाठवलं’ याचं ‘गेलं’ झालं. वाक्यातला कर्ता सुटला, तो इथे.

कर्ता सुटल्यावर काय होतं, ते बघा. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी युरोपातल्या संशोधकांनी एक लाख लोकप्रिय संकेतस्थळं तपासली. युरोपातून उघडली तेव्हा त्यांतल्या १,८४४ ठिकाणी, आणि अमेरिकेतून उघडली तेव्हा २,९५० ठिकाणी, रकान्यात लिहिलेला ईमेलचा पत्ता बटण दाबण्याआधीच, संमती न घेता, माग काढणाऱ्या कंपन्यांकडे जात होता. मन बदलून पान बंद केलेला माणूस समजतो की आपण काहीच कळवलेलं नाही.

हे ज्याला स्वतः बघायचं असेल त्याने संगणकावर, ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून ‘नेटवर्क’ हा भाग उघडावा आणि एखाद्या शोधाच्या रकान्यात सावकाश टंकावं. बहुतेक ठिकाणी दर अक्षरामागे नवी ओळ उमटताना दिसेल.