आवाज ओळखीचा, कौल कुणाचा? रेडिओ निवेदक स्पर्धेत उतरतो तेव्हा...

नरसी नामदेव (जि. हिंगोली), प्रतिनिधी : 'श्रोता' हा शब्द मराठीला रेडिओने दिलेला नाही. तो कथा-कीर्तनातून आला आहे आणि कयाधू नदीकाठच्या नरसीला हे वेगळे सांगण्याची गरज नाही. वारकरी कीर्तनाचा आरंभ ज्यांच्यापासून मानला जातो, त्या संत नामदेवांचे (१२७०-१३५०) हे जन्मगाव. कीर्तनाला उभा राहणारा किती पाण्यात आहे, हे समोर बसलेली मंडळी पहिल्या घटकेतच ओळखतात, असा या मुलखाचा अनुभव आहे. त्यामुळे रोज कानावर पडणारा रेडिओचा निवेदक एखाद्या दूरचित्रवाणी स्पर्धेत उतरला म्हणजे त्याचे श्रोते काय म्हणतात, त्यांच्या म्हणण्याला त्या स्पर्धेत किती वजन असते आणि ते मोजले कसे जाते, हा विषय येथून मांडणे अप्रस्तुत ठरू नये.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. आकाशवाणीवर बोलणारा तो 'उद्घोषक' किंवा 'निवेदक', तर खासगी एफएम वाहिनीवर बोलणारा तो 'आरजे', म्हणजेच रेडिओ जॉकी. भारतात पहिली खासगी एफएम वाहिनी २००१ च्या जुलैमध्ये बंगळुरू येथे सुरू झाली. २००५ च्या दुसऱ्या टप्प्यातील धोरणानंतर या वाहिन्या मध्यम शहरांपर्यंत पोहोचल्या. आकाशवाणीच्या उद्घोषकाचा आवाज श्रोत्यांना वर्षानुवर्षे पाठ असे, मात्र त्याचे नाव अनेकांना ठाऊक नसे आणि चेहरा तर कुणालाच नसे. आरजेचे नेमके उलटे आहे. त्याचे नाव, त्याच्या लकबी, त्याचे किस्से हाच वाहिनीचा माल असतो. स्पर्धांच्या निर्मात्यांचे लक्ष उद्घोषकांकडे न जाता आरजेंकडे गेले, त्याचे कारण हे आहे. शिवाय आकाशवाणीतील कायम सेवकाला सेवानियम असतात, तेथे परवानगीचा प्रश्न येतो. खासगी वाहिनीला मात्र आपला माणूस पडद्यावर झळकणे ही फुकटची जाहिरात वाटते.

दोन उदाहरणे ठळक आहेत. रेडिओ निवेदक प्रीतम सिंह हे २०१४ मध्ये हिंदी 'बिग बॉस'च्या आठव्या पर्वात सहभागी झाले आणि अंतिम पाचांत पोहोचले. जानेवारी २०१५ मधील अंतिम सोहळ्यात २५ लाख रुपये घेऊन स्पर्धेबाहेर पडण्याचा पर्याय पुढे आला, तो त्यांनी स्वीकारला. विजेतेपद गौतम गुलाटी यांना मिळाले. दुसरे उदाहरण मुंबईच्या आरजे मलिष्का यांचे. २०१७ च्या पावसाळ्यात मुंबईच्या खड्ड्यांवरील त्यांच्या विडंबनगीताने महापालिकेला अस्वस्थ केले होते आणि ते गाणे मुंबईबाहेरही घराघरांत पोहोचले होते. त्याच मलिष्का २०२० मध्ये 'खतरों के खिलाडी'च्या दहाव्या पर्वात उतरल्या आणि सुरुवातीच्या टप्प्यातच बाहेर पडल्या. त्या कार्यक्रमात प्रेक्षकांचे मत नसते. दिलेले साहस पार पाडले तर आत, नाही तर बाहेर. ज्या आवाजामागे शहर उभे राहिले, त्या आवाजाचा तेथे काडीचा उपयोग नव्हता.

हे दोन्ही कार्यक्रम काटेकोर अर्थाने कलागुणांच्या स्पर्धा नव्हेत, हे खरे. परंतु श्रोत्यांच्या दृष्टीने प्रश्न एकच राहतो. आवडता आवाज अनोळखी मैदानात गेला की त्याला काय म्हणून मोजायचे?

श्रोत्यांची मते साधारणपणे नाराजीपासून अभिमानापर्यंत पसरलेली आढळतात आणि त्यांतील नाराजी अधिक विचार करण्याजोगी आहे. रेडिओचा श्रोता निवेदकाचा चेहरा मनाने तयार करतो. सकाळी गोठ्यात, दुपारी शिलाईयंत्रावर, रात्री उशाशी, असा तो आवाज घरातला होऊन बसतो. तो आवाज अचानक भरजरी कपड्यांत, रंगभूषेत, परीक्षकांपुढे हात जोडून उभा दिसला की अनेकांना काहीतरी हरवल्यासारखे वाटते. तो वाईट गायला किंवा नाचला, ही त्यांची तक्रार नसते. तो त्यांचा राहिला नाही, ही खरी तक्रार असते. याउलट काही श्रोते कलेचा विचारच करत नाहीत. रोज सकाळी हसवणाऱ्या माणसाचे उपकार एका मताने फेडावेत, एवढाच त्यांचा हिशेब असतो. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते हा दुसरा वर्ग स्पर्धेच्या दृष्टीने निवेदकाचा सर्वांत मोठा आधार आहे, आणि कलेच्या दृष्टीने त्याचा सर्वांत मोठा तोटाही. कारण त्यांच्यामुळे आपण कुठे कमी पडलो हे त्याला कधी कळतच नाही.

पत्रापासून संदेशापर्यंत

ऐकणाऱ्यांच्या पसंतीला आकड्यात बसवण्याचा प्रयत्न नवा नाही. रेडिओ सिलोनवर डिसेंबर १९५२ मध्ये सुरू झालेली 'बिनाका गीतमाला' ही मुळात स्पर्धाच होती. सात गाणी क्रम न लावता वाजवली जात आणि त्यांचा क्रम लावून पाठवणाऱ्या श्रोत्यांसाठी १०० रुपयांचे बक्षीस असे. पत्रांचा असा पूर आला, की पुढे कार्यक्रमाचे स्वरूपच बदलून ती लोकप्रियतेच्या क्रमाने गाणी सांगणारी मालिका झाली. केवळ दुकानांतील तबकड्यांच्या खपावर विसंबले तर क्रम फसवा निघतो, हे निवेदक अमीन सयानी यांच्या लक्षात आले होते. तबकडी दुकानात संपलेली असू शकते, खपाचा आकडा फुगवलेलाही असू शकतो. म्हणून देशभरातील श्रोता संघांची पसंतीही जमेस धरली जाऊ लागली. सयानी यांचे फेब्रुवारी २०२४ मध्ये वयाच्या ९१ व्या वर्षी निधन झाले. श्रोत्याच्या मताला खपाच्या आकड्याइतकेच वजन देणारी ती पद्धत आजच्या अनेक मतमोजण्यांपेक्षा अधिक प्रामाणिक होती, असे म्हणावेसे वाटते.

त्याच काळात दुसरी पद्धतही होती. १९५७ च्या मेट्रो-मर्फी अखिल भारतीय गायन स्पर्धेत कौल परीक्षकांचा होता आणि परीक्षक होते नौशाद, सी. रामचंद्र, वसंत देसाई यांच्यासारखे संगीतकार. प्रायोजक रेडिओ संच बनवणारी कंपनी असली तरी ऐकणाऱ्यांना तेथे मत नव्हते. त्या स्पर्धेने महेंद्र कपूर दिले. पुढे दादा कोंडके यांच्या चित्रपटांतून हाच आवाज मराठी खेड्यांत पोहोचला आणि मग श्रोत्यांनी परीक्षकांचा निकाल आपल्या परीने कायम केला.

या दोन पद्धतींची सरमिसळ दूरचित्रवाणीने केली. 'इंडियन आयडॉल'च्या पहिल्या पर्वात ५ मार्च २००५ रोजी मुंबईचा अभिजीत सावंत विजेता ठरला, तेव्हा मोबाइल संदेशाने मत देणे ही देशभर नवलाई होती. मराठीत 'सा रे ग म प'च्या 'लिटिल चॅम्प्स'ने २००८-०९ मध्ये घराघरांत तेच वेड लावले. आळंदीची कार्तिकी गायकवाड विजेती ठरली. मराठवाड्याला मात्र लातूरच्या रोहित राऊतचे कौतुक अधिक होते. हाच रोहित २०२० मध्ये 'इंडियन आयडॉल'च्या अकराव्या पर्वाचा उपविजेता झाला.

मत फुकट नसते

संदेशाच्या मतदानात दोन गोष्टी वाचकाने लक्षात ठेवाव्यात. एक म्हणजे ते निवडणुकीसारखे नव्हते. एक माणूस, एक मत हा नियम तेथे नसे. ज्याच्याकडे पैसे आणि चिकाटी, त्याची मते अधिक. दुसरे म्हणजे संदेशाचा दर नेहमीच्या संदेशापेक्षा बराच जास्त असे. २००७ च्या 'कौन बनेगा करोडपती'च्या तिसऱ्या पर्वात घरबसल्या प्रेक्षकांसाठी घेतलेल्या प्रश्नस्पर्धेत एका संदेशाला २ रुपये ४० पैसे पडत. बक्षिसाची रक्कम याच संदेशांच्या उत्पन्नातून जाते आणि प्रेक्षकांना ती फुकट असल्याचे भासवले जाते, अशी तक्रार एका ग्राहक संस्थेने केली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वाहिनी व दूरध्वनी कंपनीला १ कोटी रुपयांची दंडात्मक भरपाई भरण्याचा आदेश दिला. तो आदेश पुराव्याअभावी सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द ठरवला. कायदेशीर निकाल काहीही असो, बोट दाबले की पैसे जातात ही गोष्ट त्या खटल्यामुळे अनेकांना पहिल्यांदा कळली.

आता मते बहुतांशी अ‍ॅप किंवा संकेतस्थळावरून घेतली जातात. तेथे संदेशाचा खर्च नाही आणि एका खात्याला किती मते याला सहसा मर्यादा असते. पण त्यासाठी चांगला मोबाइल, त्यात डेटा आणि नोंदणीची खटपट लागते. घरातील ज्येष्ठांचे मत नातवाच्या हातून पडते, आणि ते नातवाच्या पसंतीला पडते की आजोबांच्या, हे त्या दोघांनाच ठाऊक!

रेडिओ निवेदकाच्या बाबतीत येथे एक विचित्र पेच निर्माण होतो. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, त्यामुळे मनोऱ्यापासून काही कोसांच्या पलीकडे त्या क्षीण होतात. मध्यम लहरी जमिनीलगत दूरवर पोहोचतात आणि रात्री आणखी दूर जातात. १९९९ मध्ये परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत रेडिओ म्हणजे प्रामुख्याने आकाशवाणी परभणी, ती या मध्यम लहरींमुळेच. म्हणजे जो आरजे स्पर्धेत जातो त्याचे श्रोते एका शहरात एकवटलेले, आणि ज्या उद्घोषकाचे श्रोते शेकडो गावांत पसरलेले तो स्पर्धेत जातच नाही. त्यात २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने सोसलेले भारनियमन आठवावे. संध्याकाळी वीज गेली की दूरचित्रवाणी बंद. सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर तेवढा सुरू. स्पर्धेचा भाग पाहायचा आणि त्याच रात्री मत द्यायचे, ही चैन ज्याच्याकडे वीज होती त्याची होती. रेडिओवर खरे प्रेम करणारा श्रोता आणि मत देणारा प्रेक्षक हे एकच समजणे म्हणूनच चुकीचे ठरते.

निवेदकाच्या जिभेची जोखीम

प्रेम जितके, तितकी जबाबदारीही. 'इंडियन आयडॉल'चे तिसरे पर्व २००७ च्या सप्टेंबरमध्ये दार्जिलिंगच्या प्रशांत तमांगने जिंकले. तो कोलकाता पोलिसांत शिपाई होता आणि अंतिम फेरीत त्याच्यासमोर शिलाँगचा अमित पॉल होता. डोंगरी भागांत संदेश पाठवण्यासाठी लोकांनी अक्षरशः मोहीम उघडली होती. निकालानंतर दिल्लीतील एका खासगी एफएम वाहिनीच्या निवेदकाने त्याच्या गोरखा असण्यावरून, पहारेकऱ्याच्या कामाशी नाते जोडत हिणकस शेरेबाजी केली. सप्टेंबरअखेर सिलिगुडीत त्याचा निषेध करणाऱ्या मोर्चानंतर हिंसाचार उसळला, संचारबंदी लागली, लष्कर पाचारण करावे लागले. माहिती व प्रसारण मंत्रालयाने त्या वाहिनीवर प्रक्षेपणबंदीची कारवाई केली.

सकाळच्या कार्यक्रमातील एक टवाळी इतकी महागात पडावी, याचे आश्चर्य तेव्हा अनेक शहरी श्रोत्यांना वाटले. त्यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नव्हते. ज्याला लाखो लोकांनी पैसे खर्चून मत दिले, त्याची थट्टा ही त्या लाखोंची थट्टा होती. निवेदक स्वतः स्पर्धेत असो किंवा दुसऱ्या स्पर्धकाविषयी बोलत असो, त्याच्या शब्दाला सामान्य प्रेक्षकाच्या शब्दापेक्षा अधिक धार असते. आपल्याच आरजेसाठी दिवसभर मते मागणाऱ्या वाहिन्यांनीही याचा विचार करावा. ज्या माध्यमावर इतर स्पर्धकांना जागाच नाही, तेथून केलेले आवाहन हे मैदान एका बाजूला कलते करण्यासारखे आहे.

परीक्षकांचा कौल की लोकांचा?

हा वाद नरसीच्या लेकाच्या चरित्रातही आहे. लोकपरंपरा सांगते, की संतमेळ्यात मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबाकाकांनी थापटण्याने प्रत्येकाच्या डोक्यावर ठोकून पाहिले. बाकीचे शांत राहिले, नामदेव कुरकुरले आणि हे मडके कच्चे, असा निकाल लागला. विठ्ठलाचा लाडका, कीर्तनात पंढरपूर डोलवणारा. पण जाणकारांच्या कसोटीवर नापास. त्यानंतर नामदेवांनी विसोबा खेचरांना गुरू केले. दुसरी कथा औंढा नागनाथची, म्हणजे याच जिल्ह्यातली. मंदिरासमोर कीर्तन करण्यास मज्जाव झाला, नामदेव मागच्या बाजूला जाऊन कीर्तनाला उभे राहिले आणि मंदिरच त्यांच्याकडे फिरले. नंदी जागेवरच राहिला, म्हणून तो आजही देवळाच्या मागे आहे, असे भाविक सांगतात. पहिल्या कथेत परीक्षक बरोबर ठरतात, दुसऱ्या कथेत ऐकणारा. या भागातील लोक दोन्ही कथा सारख्याच श्रद्धेने सांगतात, हे विशेष.

कीर्तनही आता स्पर्धेच्या कक्षेत आले आहे. सोनी मराठी वाहिनीने २०२५ मध्ये कीर्तनकारांमधून 'लाडका कीर्तनकार' निवडणारा कार्यक्रम आणला, तेव्हा कीर्तनाला गुण कसे द्यायचे यावरून वारकऱ्यांत दुमत होणे स्वाभाविकच होते. लोकांचा कौल एका पिढीपुरता तरी टिकतो का, हे पाहायचे असेल तर 'बिग बॉस मराठी'च्या पाचव्या पर्वाचा निकाल पुरेसा आहे. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी बारामती तालुक्यातील मोढवे गावचा, मोबाइलवरील चित्रफितींतून घराघरांत पोहोचलेला सूरज चव्हाण विजेता ठरला. उपविजेता होता अभिजीत सावंत, तोच २००५ चा.

मत देऊ इच्छिणाऱ्या श्रोत्यांसाठी व्यवहाराची एक गोष्ट. मतदानाची खिडकी ठरावीक वेळेपुरतीच उघडी असते आणि ती वेळ मूळ प्रक्षेपणाशी बांधलेली असते. दुसऱ्या दिवशी दुपारी पुनःप्रक्षेपण पाहून दिलेले मत सहसा मोजले जात नाही, आणि खेड्यांतून अनेक घरांत स्पर्धा पाहिली जाते ती दुपारच्याच वेळी.