दांड्याला दोष, पात्याला माफी

मराठी राज्य का बुडाले याचे उत्तर आपल्याकडे तयार असते. शाळेच्या वर्गात विचारा, शिवजयंतीच्या व्याख्यानात ऐका, शहापुरात माहुलीच्या पायथ्याशी किंवा मुरबाडच्या बाजारात कुणाशी बोला, उत्तर एकच मिळते. राघोबादादांनी इंग्रज घरात घेतला, दुसऱ्या बाजीरावाने त्याला पाट मांडून बसवले, आणि दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ झाला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ.

हा पूर्वपक्ष टाकाऊ नाही. त्याच्या बाजूने पुष्कळ बोलता येते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात पेशवे नारायणरावांचा खून झाला. रामशास्त्री प्रभुण्यांनी त्याचा दोष राघोबादादांच्या पदरात घातला. पुण्याच्या कारभाऱ्यांच्या मंडळाने, म्हणजे बारभाईंनी, त्यांना दूर सारल्यावर ते कंपनी सरकारकडे गेले. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पराभव केला तेव्हा बाजीरावही पळून वसईला इंग्रजांच्याच आश्रयाला गेले. या घटना घडल्या आहेत आणि त्यांचे समर्थन करण्याचे कारण नाही. वाद त्यांच्यातून काढलेल्या निष्कर्षाशी आहे. परका आला तो बोलावले म्हणून, बोलावले नसते तर आला नसता, म्हणून जे झाले त्याचे कर्तेपण बोलावणाऱ्याचे, असा हा निष्कर्ष आहे. आज जगात कुठेही मोठ्या सत्तेचे सैन्य छोट्या देशात उतरले की आपल्या गप्पांत हेच वाक्य ऐकू येते: त्यांच्यातल्याच लोकांनी बोलावले ना! म्हणून या निष्कर्षाची तपासणी फक्त इतिहासापुरती राहत नाही.

पहिली कसोटी तारखांची. राघोबादादा आणि मुंबईकर इंग्रज यांचा सुरतेचा तह झाला मार्च १७७५ मध्ये. कंपनीने अडीच हजार फौज द्यायची, दादांनी तिच्या खर्चापोटी दरमहा दीड लाख रुपये भरायचे आणि साष्टी व वसई तोडून द्यायची, हा त्याचा गाभा. मात्र साष्टीतला ठाण्याचा किल्ला कंपनीने घेतला तो डिसेंबर १७७४ च्या अखेरीस, म्हणजे तहाच्या दोन महिने आधी. दादांशी बोलणी त्यापूर्वीच सुरू होती हे खरे. पण साष्टी आणि वसई द्यायला ते राजी नव्हते आणि बोलणी अडली होती ती तिथेच. ज्याने बोलावले म्हणायचे त्याने हीच जागा नाकारली होती, आणि मुंबईकरांनी तीच आधी बळाने घेतली. त्या वेळी सांगितलेले कारणही दादांच्या हक्काचे नव्हते. पोर्तुगीज आपली जुनी ठाणी परत घ्यायला येत आहेत, त्यांच्या आधी आपण घेतली पाहिजेत, हे ते कारण होते.

त्याच्याही मागे जावे लागते. मुंबई बेटाला लागून असलेल्या साष्टीवर आणि वसईच्या बंदरावर कंपनीची नजर दादांच्या बंडाच्या कितीतरी आधीपासून होती. १७७२ मध्ये टॉमस मॉस्टिनला पुण्याच्या दरबारी वकील म्हणून पाठवले, तेव्हा ही ठाणी मिळवण्याचे काम त्याच्याकडे होतेच. त्या वेळी नारायणराव जिवंत होते आणि बारभाई हा शब्दही जन्मला नव्हता. इच्छा आधीची आणि निमंत्रण नंतरचे. निमंत्रणाने तिला फक्त कागद मिळाला.

दुसरी कसोटी अशी की भांडण मिटल्यावर कुणाच्या हाती काय उरले? मित्रासाठी लढायला आलेला मित्राचे काम झाले की जातो, किंवा काम फसले तर रिकाम्या हाताने परततो. येथे काय घडले ते पाहा. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारला मुंबईकरांचा सुरतेचा तह मान्य नव्हता. त्यांनी कर्नल अप्टनला पाठवून १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह केला. त्यात राघोबादादांची बाजू सोडून दिली, त्यांना पेन्शन देऊन बाजूला बसवायचे ठरले, आणि कंपनीला युद्धखर्चापोटी बारा लाख रुपये मिळायचे ठरले. साष्टी मात्र सोडली नाही. पुढे मुंबईकरांनी पुन्हा दादांना पुढे करून पुण्यावर चाल केली आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला शरणागती पत्करली. तो करारही कंपनीने मानला नाही. अखेर १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने युद्धात घेतलेली वसई मराठ्यांकडे परत गेली, दादांना महिना पंचवीस हजारांची नेमणूक मिळाली, आणि साष्टी पुन्हा कंपनीकडेच राहिली. पुढच्या वर्षी दादा कोपरगावला वारले. ज्याच्या हक्कासाठी युद्ध म्हणून सांगितले, तो दोन तहांत दोनदा सोडला गेला. जी जमीन युद्धाचे कारण नव्हती म्हणून सांगितले, ती दोन्ही तहांत राखली गेली. कर्ता कोण आणि निमित्त कोण हे ठरवायला यापेक्षा मोठा पुरावा शोधण्याची गरज नाही.

पूर्वपक्षाचा सर्वांत भक्कम आधार १८०२ चा आहे, हे मान्य केले पाहिजे. बाजीराव खरोखरच स्वतःहून गेले. ३१ डिसेंबरला वसईत तह झाला, मे १८०३ मध्ये कंपनीच्या फौजेने त्यांना पुण्याच्या मसनदीवर पुन्हा बसवले. पण त्या तहाची कलमे बाजीरावांच्या गरजेच्या मापाने बेतलेली नव्हती. तैनाती फौज कायमची, तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून द्यायचा, आणि कंपनीला विचारल्याशिवाय कुणाशी युद्ध किंवा तह करायचा नाही. होळकरांपासून काही महिने संरक्षण हवे असलेल्या माणसाला ही किंमत पडली. अशीच बेडी निजामाला आधी घातली होती, अयोध्येच्या नबाबालाही. प्रत्येक दरबारातला घरभेदी वेगळा होता, पण साचा एकाच कारखान्यातला होता. निमंत्रकाची गत काय झाली? १३ जून १८१७ च्या पुणे तहात त्याच बाजीरावांकडून कंपनीने उत्तर कोकण काढून घेतला. आजचे शहापूर, म्हणजे जुन्या कोळवणाचा मुलूख, आणि मुरबाड कंपनीच्या हाती गेले ते या फेऱ्यात. वर्षभरात पेशवाईच संपली.

हा दोष केवळ गोऱ्यांचा, असा उलटा निष्कर्ष कुणी काढू नये. शहापूर तालुक्यातलाच माहुली किल्ला त्याविरुद्ध साक्ष देतो. निजामशाहीचा बालराजा मुर्तजा याला पुढे करून शहाजीराजे तीन वर्षे झुंजत होते. शहाजहान स्वतः दक्षिणेत उतरला आणि मे १६३६ मध्ये त्याने विजापूरच्या आदिलशहाशी तह केला. निजामशाहीचा मुलूख दोघांत वाटायचा, आदिलशहाने मोगलांचे वर्चस्व मानायचे आणि वीस लाखांची पेशकश द्यायची. मग खानजमान आणि रणदुल्लाखान या दोन सत्तांच्या सरदारांनी मिळून शहाजीराजांना माहुलीवर कोंडले. गड सोडावा लागला, मुर्तजा मोगलांच्या हाती गेला. आदिलशहाला वाटले, आपण शेजाऱ्याच्या भांडणात शहाणपणाने बाजू निवडली. बरोबर पन्नास वर्षांनी, १६८६ मध्ये, औरंगजेबाने विजापूर गिळले. हस्तक्षेप करणाऱ्या बलाढ्य सत्तेचा स्वभाव तिच्या धर्मावर वा वर्णावर अवलंबून नसतो. शेजारच्या घरात एकदा फौज घुसवता आली की दुसऱ्यांदा बोलावण्याची वाट पाहिली जात नाही.

पूर्वपक्षाचे उरलेले विधान असते परिणामांविषयी. गेले ते गेले, पण शांतता आली, कायदा आला, कसाऱ्याच्या घाटातून १८६५ मध्ये रेल्वे वर चढली. रेल्वे चढली हे खरे. ती बांधणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीच्या भागधारकांना पाच टक्के व्याजाची हमी हिंदुस्थानच्या महसुलातून दिलेली होती हेही तितकेच खरे. आणि ज्याला शांतता म्हणतात ती घाटमाथ्यावरच्या माणसाला कशी दिसली? थळ, माळशेज आणि नाणे या घाटांची व गडांची राखण महादेव कोळ्यांचे नाईक आणि त्यांची माणसे करीत. त्यांचे वेतन आणि मानपान जुन्या राज्याशी बांधलेले होते. १८१८ नंतर गडांची शिबंदी मोडली. काम गेले, वेतन गेले, सावकाराचे देणे मात्र उरले. १८२८ ते १८३० या काळात रामा किरव्यासारखे लोक उठले. तो उठाव मोडण्यासाठी पाठवलेल्या कॅप्टन मॅकिंटॉशनेच पुढे महादेव कोळ्यांवर सविस्तर लिहिले, आणि शिबंदीची कपात हे असंतोषाचे एक कारण असल्याचे त्यातून दिसते. १८४४ नंतर अकोल्याच्या देवगावचा राघोजी भांगरे उठला. त्याचा वावर याच सह्याद्रीच्या दोन्ही अंगांनी होता. २ मे १८४८ रोजी त्याला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. राघोबादादांशी किंवा बाजीरावांशी या माणसांचे काय देणेघेणे होते? वरच्या दोन गादीवाल्यांच्या तंट्यात तिसऱ्याने हात घातला आणि त्याचा चट्टा तीस वर्षांनी घाटातल्या राखणदाराच्या अंगावर उमटला. कंपनीच्या दप्तरात त्याचे नाव दरोडेखोर म्हणून लागले. हस्तक्षेपाचा हिशेब तहाच्या कागदावर पुरा होत नाही.

म्हणून माझे मंडन असे. बोलावणारा दोषी असतो, पण त्याचा दोष वेगळा आणि आलेल्याचा दोष वेगळा. पहिल्याने दुसऱ्याचा फिटत नाही. आणि कुठल्याही हस्तक्षेपाकडे पाहताना ठाणे व सालबाई यांनी शिकवलेले दोन प्रश्न विचारावेत: येणाऱ्याची इच्छा निमंत्रणाच्या आधीची होती का, आणि काम झाल्यावर तो गेला का?

हे प्रश्न आजच्या जगाला लावा. अफगाणिस्तानात हाफिजुल्ला अमीनने सोव्हिएत फौज मागितली होती. डिसेंबर १९७९ मध्ये ती आली आणि तिनेच त्याला त्याच्या वाड्यात ठार केले, गादीवर आपला बाबराक कर्माल बसवला, आणि परत गेली ती १९८९ मध्ये. इराकमध्ये २००३ ची स्वारी परागंदा इराकी नेत्यांच्या सल्ल्याने झाली असे म्हणतात. पण सद्दामची राजवट बदलावी हा अमेरिकेचा कायदाच १९९८ चा होता. आपल्या देशालाही सूट नको. २९ जुलै १९८७ च्या करारानंतर राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांच्या संमतीने भारतीय शांतिसेना श्रीलंकेत गेली. ज्या तमिळांच्या रक्षणासाठी गेली त्यांच्यातल्याच वाघांशी लढत सुमारे बाराशे जवान गमावून ती मार्च १९९० मध्ये परतली. निमंत्रण होते, हेतू वाईट नव्हता, तरी परिणाम असा झाला.

यावर १९७१ चा दाखला हमखास पुढे येईल. तो द्यावाच, कारण तो याच कसोट्यांवर उजळतो. एक कोटीच्या आसपास निर्वासित आपल्या सीमेत आले होते, ढाक्याच्या गादीवर आपला माणूस बसवण्याचा बेत नव्हता, आणि १६ डिसेंबरच्या शरणागतीनंतर मार्च १९७२ मध्ये आपली फौज बांगलादेशातून बाहेर आली होती. साष्टी कंपनीने ठेवून घेतली, ढाका भारताने ठेवले नाही. हस्तक्षेप आणि हस्तक्षेपात फरक करायचा तो असा, बोलावण्याच्या चिठ्ठीवरून नव्हे.

आपल्या शिक्षकांना, व्याख्यात्यांना आणि गडावर मुलांना घेऊन जाणाऱ्या मंडळांना एवढीच विनंती आहे. राघोबादादांचे नाव घ्याल तेव्हा सुरतेच्या तहाची तारीख सांगा, आणि तिच्या आधी ठाण्याचा किल्ला केव्हा पडला तेही सांगा. घरभेद्याला शिक्षा द्या, पण घर लुटणाऱ्याला साक्षीदार म्हणून सोडून देऊ नका.