बाय, बोट आणि लालबागची खोली

चपला बाहेर गॅलरीतच काढा आणि पाय जपून टाका. अजून उजाडलेलं नाही. खोली दहा बाय बाराची, जमिनीवर दोन दीर आणि एक गाववाला झोपलेत, आणि त्यांच्यामधून वाट काढत मोरीपर्यंत जायचं आहे. डोकं सांभाळा. तुळईला जुन्या नऊवारीची झोळी बांधली आहे आणि तिच्यात दीड वर्षाची बाय आत्ता कुठे शांत झाली आहे. दाढा येताहेत तिला. रात्रभर कोणाला झोपू दिलेलं नाही.

साल 1954, एप्रिल महिना, लालबाग. आज दिवसभर या बायची आई तुम्ही आहात. पुरुष वाचक असाल तरी सुटका नाही. पदर खोचा, हंडा उचला, नळाला पाणी आलं आहे.

गॅलरीच्या टोकाला नळ, नळाला लागून संडास, आणि त्या वाटेवर हंडे, कळशा, घासलेटचे रिकामे डबे यांची रांग. पाय ओल्या फरशीवर घसरतात. फिनेलचा वास नाकात चढतो आणि त्याच्यावर कोणाच्या तरी चुलीवरच्या सुकटीचा वास येऊन बसतो. पुढे उभी असलेली साताऱ्याकडची शेजारीण मागे वळून विचारते, "काय गं, लेकरू झोपलं का न्हाई रातीला?" तुम्ही मान हलवता. ती काही न बोलता तुमची कळशी आपल्या पुढे सरकवते. तुम्ही देवगडकडच्या, ती घाटावरची. तुमचा भात तिला जेवण वाटत नाही, तिची भाकरी तुमच्या घशाखाली उतरत नाही. पण दिवसातले दोन-तीन तास बाय तिच्या कडेवर असते, म्हणून तुम्हाला स्वयंपाक करता येतो. या चाळीत पोर वाढतं ते असं, चार घरांच्या कडेवर.

हंडा पिंपात रिकामा करताय तोच भोंगा होतो. आधी जवळचा, मग परळच्या बाजूचा, मग लांबचा एक. आवाज कानात येतोच, शिवाय पायाखालच्या फळ्यांमधून अंगातही शिरतो. झोळी हलते. बाय उठून बसते, केस विस्कटलेले, ओठ रडण्यासाठी पुढे आलेले, आणि मग तिचा विचार बदलतो. ती गिरणीला उत्तर देते, "भोंऽऽ!" खोलीतले सगळे पुरुष खडबडून जागे होतात. गाय, कुत्रा, आजी यांतलं काहीही बोलायच्या आधी हिला भोंगा बोलता आला. वळकट्या गुंडाळल्या जातात, चहा होतो, पहिल्या पाळीची माणसं जिना उतरतात. हजारो पावलं एकाच दिशेने निघाल्याचा आवाज रस्त्यावरून वर येतो. मुंबईच्या गिरण्यांत दोन लाखांवर माणसं कामाला आहेत, आणि पहाटे या गॅलरीत उभं राहिलं की ती सगळी आपल्याच खिडकीखालून चालली आहेत असं वाटतं.

रिकाम्या झालेल्या चटईवर आता बायचे वडील येऊन बसतात. रात्रपाळी संपवून आलेत. साचेखात्यात, म्हणजे मागांवर, असतात. त्यांच्या भुवयांवर, कानांवर, मिशीवर कापूस बसलेला आहे, सदऱ्याला यंत्राच्या तेलाचा वास आहे. बाय दुडुदुडु जाते, त्यांच्या मांडीवर चढते आणि दोन बोटांच्या चिमटीत एकेक तंतू उचलून आपल्या हातात जमा करते. ते डोळे मिटून बसून राहतात. बापलेकीची दिवसभरातली भेट एवढीच. भात खाऊन ते भिंतीकडे तोंड करून आडवे होतात, आणि तुमचं खरं काम सुरू होतं. दीड वर्षाच्या पोराला दहा बाय बाराच्या खोलीत दुपारपर्यंत गप्प ठेवायचं.

स्टोव्ह पेटवू नका, फार आवाज करतो. शेगडी गॅलरीत घ्या, कोळसे फुलवा, धुराने डोळे चुरचुरले तरी पंखा हलवत राहा. जेवायला सात माणसं आहेत. घरचे आहेतच, शिवाय गावाकडची चार माणसं तुमच्याकडे महिन्याचे पैसे देऊन जेवतात. त्यांच्या पैशांतून खोलीचं भाडं निघतं. एका हाताने मासे साफ करा, दुसऱ्या हाताने बायला विळीपासून लांब ढकला. ती पुन्हा येईल. पुन्हा ढकला.

मधल्या वेळात सहाण पुढे घ्या. वेखंड, जायफळ, हळकुंड, मुरडशेंग, सुंठ, बेहडा. प्रत्येकाचे मोजून वेढे, आईच्या दुधाऐवजी आता पाण्यात. सासूने फडक्यात बांधून दिलेली गुटी आहे ही. बाय पहिला चमचा गिळते, दुसरा तुमच्या पदरावर थुंकते. नाचणीचं सत्त्वही त्याच बोचक्यातून आलेलं, घरच्या नाचणीचं. या खोलीतलं बायच्या पोटात जाणारं निम्मं अन्न समुद्रावरून आलेलं आहे.

आणि पोर झोपलंच नाही तर? आधीच्या पिढीत गिरणीत जाणाऱ्या आयांकडे त्यावर उपाय होता. अफू घातलेली बाळगोळी. पोर दिवसभर गुंगीत पडून राहायचं, आई सुताच्या खात्यात उभी राहायची. त्या बायकांना नावं ठेवू नका. पोराला बघायला घरी कोणी नाही आणि पगाराशिवाय भागत नाही, अशा कात्रीत सापडून बघा.

बायकडे मात्र पांगुळगाडा आहे. सावंतवाडीचा, लाल-पिवळ्या-हिरव्या रंगाचा, तीन लाकडी चाकांचा. गेल्या वर्षी आजोबांनी बोटीने पाठवला. बाय तो धरून गॅलरीत निघते. फळ्यांवरून चाकं खडखडतात, पायांतल्या वाळ्यांचे घुंगरू वाजतात, आणि खालच्या मजल्यावरून केरसुणीच्या दांड्याने छत ठोकल्याचा आवाज येतो. वडील कूस बदलतात. तुम्ही धावता. कठड्याच्या गजांमधून पोराचं डोकं जाईल एवढी जागा आहे, म्हणून तिथे गोणपाट बांधलं आहे. तरी लक्ष ठेवा. बाय गोणपाटाच्या भोकाला डोळा लावून खाली बघते. ट्राम घंटा वाजवत जाते. हातगाडीवाला ओरडतो. कढईतल्या चिवड्याचा वास येतो, आणि मग वारा फिरतो.

नाक झाका! एप्रिल आहे, मसाल्याचे दिवस. खालच्या गल्लीत मिरच्या भाजून कुटताहेत. पहिल्या मजल्यावर कोणी शिंकतं, मग दुसऱ्या, मग पलीकडच्या चाळीत. बाय सलग पाच वेळा शिंकते आणि प्रत्येक शिंकेनंतर खुशीत टाळ्या पिटते. तुम्हीही हसता. पण मिरचीचा तो खाट घशात बसलेला असताना आठवतं ते घरचं खळं. शेणाने सारवलेलं, कडेला जांभ्याचा गडगा, उन्हात वाळत घातलेल्या मिरच्या आणि सोलं, आणि राखणीला बसलेली सासू. तिथे मिरचीचा वास मोकळ्यावर असतो, माडांमधून निघून जातो. इथे त्याला जायला जागा नाही.

गावाची आठवण अशी अवेळी येते आणि कामात येते. दुपारी सगळे निजले की सावकाश आठवत बसू, असं होत नाही. पिंपातलं पाणी तळाला गेलं की विहिरीवरचा रहाट आठवतो. बायला मोरीत बसवून आंघोळ घालताना पाठीमागचं परस आठवतं, जिथे न्हाणीचं पाणी केळींना जातं. पोराने सांडलेलं पाणी वाया जात नाही अशी ती जागा. इथे सांडलं की खालच्या बिऱ्हाडाचं छत गळतं.

अरेच्चा, बाय कुठे गेली? गॅलरीच्या कोपऱ्यात डालड्याच्या डब्यात तुळस लावली आहे, तिच्यापुढे फतकल मारून बसली आहे. तोंड लाल. माती खाल्ली! बोट घाला, गालातून काढा, पाणी पाजा, थुंक म्हणा. ती माती तुम्ही खळ्यातून पुरचुंडीत बांधून आणली होती. दीड वर्षात बायने एवढीच जमीन पाहिली आहे, आणि तिला ती गोड लागली. बोटावर लागलेली लाल माती धुवायच्या आधी तुम्ही एकदा हुंगता. कोणी बघत नाही ना हे पाहून.

दुपारी गाववाला करंडी घेऊन येतो. भाऊच्या धक्क्यावरून थेट, खांद्यावर. पेंढा बाजूला केला की हापूसचा वास खोलीभर होतो. झोपलेले वडील डोळे न उघडता म्हणतात, "घरचो?" बाय पेंढ्यातच बसते, आंबा सालासकट चावते, रस कोपरापर्यंत. माश्या येतात. येऊ देत.

पेंढ्यात पोस्टकार्ड आहे. तुम्हाला वाचता येत नाही, म्हणून शेजारचा सहावीतला मुलगा वाचून दाखवतो. गावच्या मास्तरांचं अक्षर, आजोबांचं म्हणणं. पत्रास कारण की, पावसाच्या आधी बायला घेऊन यावे. तिला इथेच ठेवावे, इथे दूध आहे, हवा आहे. तुम्ही दोघांनी शेवटच्या बोटीने परत जावे. मुलगा कार्ड परत देतो आणि बक्षीस म्हणून आंबा घेऊन पळतो.

शेवटच्या बोटीने. पावसाळ्यात समुद्र खवळला की कोकणच्या बोटी बंद होतात. मग चार महिने गाव लांब जातं. तुम्ही वर्षभर ज्या खळ्याची वाट पाहताय, त्या खळ्यात बायला बोलावलंय. तुम्हाला बोलावलेलं नाही.

"ओ, आयकलात?"

"आयकलंय." ते उठून बसतात. "बाबा बरोबर सांगतत. गेल्या पावसात चेडवाची छाती किती भरली होती, इसारलंस?"

तुम्ही विसरला नाहीत. ओल्या भिंती, न वाळणारी लंगोटी, वाडिया हॉस्पिटलच्या रांगेत बायला पदरात गुंडाळून उभं राहणं, तिचा घुरघुरणारा श्वास. चाळीतल्या प्रत्येक मजल्यावर असं एक तरी घर आहे जिथे पावसाळ्यात पाळणा रिकामा झाला.

"मगे माकाय थयच ठेवा. तुमी खानावळीत जेवा."

ते बराच वेळ बोलत नाहीत. मग हलक्या आवाजात, "आणि ही जेवणाची माणसा? खोलीचा भाडा? गावाक मनीऑर्डर खयसून जातली?"

त्यांचं चुकत नाही, हीच पंचाईत आहे. गावचं भात वर्षभर पुरत नाही. चार महिने तिथली चूल मुंबईच्या मनीऑर्डरीवर पेटते. म्हणजे बायने गावी दूध प्यावं यासाठी तिच्या आईने लालबागमध्ये सात माणसांचा भात शिजवायचा. गाव आणि खोली एकमेकांना धरून उभी आहेत, आणि दोन्हीचा भार तुमच्या हातांवर आहे.

संध्याकाळी उकाडा असा की खोलीत थांबवत नाही. वडील पुन्हा पाळीवर जातात. पुरुष गॅलरीत चटया टाकतात, कोणीतरी तळमजल्यावर भजनाला टाळ धरतो, शेजारीण बायची मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढते आणि शेगडीत टाकल्यावर तडतड ऐकून बाय पुन्हा टाळ्या पिटते. दाढ पुन्हा ठणकायला लागते. रडं सुरू.

झोळीत घाला आणि झोका द्या. तुम्हाला अंगाई फारशी येत नाही, पण एक यादी पाठ आहे. बोटीच्या डेकवर, उलटीने हैराण होऊन, लिंबू हुंगत, दर वेळी मोजलेली. एका झोक्याला एक बंदर. हर्णै. दाभोळ. जयगड. रत्नागिरी. मुसाकाजी. जैतापूर. विजयदुर्ग. झोका मंद होतो. आता बोट थांबेल, पडाव येईल, खलाशी पोराला वरून खाली हातोहात देतील, आणि घोटाभर पाण्यातून चालत तुम्ही वाळूवर पोचाल. देवगड.

"देगल," बाय झोळीतून म्हणते.

नवा शब्द. तुम्ही झोका थांबवत नाही. मे संपायच्या आत बाय गावी जाणार आणि तिथेच राहणार, हे तुम्ही मनाशी ठरवून टाकता. पुढच्या मेमध्ये ती तुम्हाला ओळखेल की सासूच्या लुगड्याआड लपेल, हे कोणी सांगू शकत नाही. त्या काळी असंख्य आयांनी हेच ठरवलं. त्यात माया कमी होती असं म्हणणाऱ्याने लालबागच्या खोलीत एक पावसाळा काढलेला नाही.

आता परत या. चपला गॅलरीतच आहेत.

तशा वाढलेल्या मुली आज सत्तरी ओलांडून गेल्या आहेत. आजीच्या हाताखाली गावी वाढलेल्या, शाळेसाठी किंवा लग्नासाठी मुंबईत आलेल्या, आईच्या घरी पाहुण्यासारख्या उतरलेल्या. तुमच्या घरात, शेजारात अशी कोणी असेल, तर तिच्याजवळ निवांत बसा आणि विचारा, ती गावी कोणाकडे राहिली आणि आईबरोबर राहायला कधी आली. आईला घेऊन बोट गेली तेव्हाचं काही आठवतं का, तेही विचारा. त्या सांगतात. फक्त त्यांना कोणी विचारलेलं नसतं.