चेक इंजिन लाईट: दिवा कुणाचा, निदान कुणाचं?

तंत्रज्ञानाचा इतिहास म्हटलं की आपण रेल्वे, धरणं, कारखाने यांच्याकडे वळतो. आज आपण नखाएवढ्या एका दिव्याबद्दल बोलणार आहोत. चावी फिरवली की मीटरमध्ये इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो. एखाद्या दिवशी तो विझत नाही. गाडी मात्र नेहमीसारखीच पळत असते. मग घरात दोन मतं पडतात. एक म्हणतं, "काही नाही, सेन्सरचं काहीतरी असेल, चालवा." दुसरं म्हणतं, "आजच्या आज गॅरेजला टाका." दोन्ही मतं निदान न करता दिलेली असतात.

हे निदान घरी करता येतं का? येतं, निदान अर्ध्यापर्यंत तरी नक्की. आणि ते कंपन्यांच्या कृपेने येत नाही. कायद्याने ते दार मुद्दाम उघडं ठेवलं म्हणून येतं. ते कसं, हे बघायला आपण आपल्या नगरपासूनच सुरुवात करू.

१९७२ साली कायनेटिक इंजिनिअरिंगने लुना बाजारात आणली. हस्तीमल फिरोदियांची ही कंपनी, आणि लुना घडली ती नगरमध्ये. पन्नास सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्येच ऑईल मिसळायचं. या गाडीला दिवाबिवा काही नव्हता. तिचा निदानाचा दिवा म्हणजे तिचा प्लग. गाडी बंद पडली की माणूस रस्त्याच्या कडेला बसायचा, प्लगपान्याने प्लग काढायचा आणि रंग बघायचा. काळा आणि ओला असेल तर ऑईल जास्त झालंय किंवा मिश्रण जाड आहे. पांढरट असेल तर मिश्रण पातळ आहे, इंजिन जास्त तापतंय. चॉकलेटी असेल तर प्लग ठीक आहे, दुखणं दुसरीकडे शोधा. मग पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर मारायची, पुन्हा बसवायचा. शाळेतल्या मास्तरांपासून दूधवाल्यापर्यंत हे सगळ्यांना यायचं. इंजिन काय सांगतंय ते वाचणं हे मिस्त्रीचं गुपित नव्हतं, ते मालकाचं साधं ज्ञान होतं.

कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं तेव्हा हे ज्ञान अडचणीत आलं. आता मिश्रण किती जाड, किती पातळ, हे संगणक ठरवतो. तो ऑक्सिजन सेन्सरच्या एका व्होल्टपेक्षाही कमी दाबावर हिशोब करतो. ते डोळ्यांनी दिसत नाही. म्हणजे इंजिन बोलायचं थांबलं नाही, पण त्याची भाषा बदलली. प्रश्न असा उभा राहिला की ही नवी भाषा कुणाला शिकवायची.

याचं उत्तर घडलं ते कॅलिफोर्नियात. १९४० च्या दशकात लॉस एंजेलिसवर डोळे झोंबवणारं धुरकं साचायला लागलं. आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की गाड्यांतून निघणारे वायू उन्हात एकमेकांशी संयोग पावतात आणि त्यातून हे धुरकं होतं. पुढे कायदे आले, १९७५ पासून तिथल्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसायला लागले. पण एक अडचण राहिली. कारखान्यातून बाहेर पडताना गाडी स्वच्छ असते, पाच वर्षांनी काय? कन्व्हर्टर मेला तरी चालकाला काहीच जाणवत नाही. पिकअप तोच, ॲव्हरेज जवळपास तोच. नुकसान होतं ते मागून चालणाऱ्याचं.

म्हणून हा दिवा. तो इंजिनाच्या काळजीपोटी सक्तीचा झाला नाही, हवेच्या काळजीपोटी झाला. हे एकदा लक्षात घेतलं की "गाडी तर छान चालतेय, मग दिवा का?" हा प्रश्न सुटतो. गाडी छान चालत असतानाच लागावा, यासाठीच तो आहे.

जनरल मोटर्सने १९८० च्या सुमारास असा दिवा आणला होता. कनेक्टरच्या दोन पिना तारेने जोडायच्या आणि दिव्याची उघडझाप मोजायची: एकदा, थांबून दोनदा, म्हणजे कोड बारा. कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलपासून अशी यंत्रणा सक्तीची केली. पण प्रत्येक कंपनीचा प्लग वेगळा, कोड वेगळे. मग १९९६ पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या कारना एकच पद्धत लागू झाली, ओबीडी-टू. सोळा पिनांचा एकसारखा कनेक्टर, एकसारखे कोड. त्याआधी, १९९० साली, अमेरिकी संसदेने हवेच्या कायद्यात जी दुरुस्ती केली तिच्यात एक अट होती: या कनेक्टरवरची माहिती घ्यायला कसलाही परवलीचा शब्द लागता कामा नये, आणि फक्त उत्पादकाकडेच मिळणारं उपकरणही लागता कामा नये. आज आपण काहीशे रुपयांचा स्कॅनर लावून मोबाईलवर कोड वाचतो, त्याच्या मुळाशी ही अट आहे.

आता आपल्याकडे येऊ. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२६ वा नियम सांगतो की गाडीचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागेल. त्या संस्थांच्या यादीत पुण्याची एआरएआय आहे, तशी आपल्या नगरची व्हीआरडीई आहे. संरक्षण खात्याची ही संस्था फाळणीनंतर रावळपिंडीजवळच्या चकलाल्याहून नगरला आली. रणगाडे, लष्करी ट्रक हे तिचं मूळ काम, पण नागरी वाहनांच्या चाचण्याही तिथे होतात. म्हणजे गाडी नियमात बसते की नाही, हे ठरवण्याचं काम या गावाला परकं नाही.

१ एप्रिल २०१० ला भारत स्टेज चार हे मानक तेरा शहरांत लागू झालं. त्यांत मुंबई, पुणे आणि सोलापूर होतं, नगर नव्हतं. त्याच मानकाबरोबर आपल्याकडे ओबीडी आलं. पहिला टप्पा फक्त वायर तुटली का, सेन्सर जोडलेला आहे का, एवढंच बघणारा. १ एप्रिल २०१३ पासून दुसरा टप्पा आला. त्यात कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर आणि मिसफायर यांच्यावरही लक्ष आलं. १ एप्रिल २०१७ ला भारत स्टेज चार देशभर लागू झालं आणि १ एप्रिल २०२० ला भारत स्टेज सहा. या तारखांचा उपयोग काय? तुमची कार एप्रिल २०१७ नंतर बनलेली असेल तर ओबीडी-टू असणारच. २०१३ ते २०१७ मधली असेल तर ती कुठल्या मानकाची आहे ते बघावं लागेल. त्याआधीची असेल तर स्कॅनर काही सांगेलच असं नाही.

मग घरी करायचं काय? पहिलं म्हणजे दिव्याचा रंग आणि वागणूक बघा. लाल दिवा, म्हणजे ऑईलचा किंवा तापमानाचा, लागला तर गाडी सुरक्षित जागी बाजूला घेऊन लगेच बंद करा. पिवळा दिवा स्थिर असेल तर घाबरायचं कारण नाही, पण विसरायचंही नाही. तो लुकलुकत असेल तर मिसफायर होतोय, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळू शकतो. माळशेजचा चढ चढताना असं झालं तर ॲक्सिलरेटर सोडा आणि पुढे दामटू नका.

दुसरं, कोड वाचा. कनेक्टर बहुधा स्टिअरिंगखाली असतो. कोडचं पहिलं अक्षर पी असेल तर विषय इंजिन-गिअरबॉक्सचा. त्यापुढे शून्य असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना समान, एक असेल तर बहुधा त्या कंपनीचा स्वतःचा. पुसण्याआधी कोडचा आणि त्यासोबतच्या नोंदीचा फोटो काढा. दिवा लागला त्या क्षणी वेग किती होता, इंजिन किती तापलं होतं, हे त्या नोंदीत असतं. कोड पुसला की तीही जाते.

तिसरं, आणि इथेच पैसे वाचतात किंवा जातात: कोड म्हणजे सुट्या भागाचं नाव नव्हे. पी ०१७१ म्हणजे मिश्रण पातळ आहे. हवेच्या पाइपची क्लिप सर्व्हिसिंगमध्ये सैल राहिली असेल, उंदराने नळी कुरतडली असेल, पेट्रोलचा पंप कमी दाब देत असेल. पी ०४२० म्हणजे कन्व्हर्टरचं काम कमी पडतंय. पण सायलेन्सरची गळतीही तसंच दाखवू शकते. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरला मिसफायर. इंजिन थंड असताना, चावी काढून, पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरची कॉइल आपसांत बदला. कोड पी ०३०२ झाला, तर दोष कॉइलचा. नाही बदलला, तर प्लग बघा. लुनाचं तेच ज्ञान इथे पुन्हा कामाला येतं.

इंटरनेटवरचे सल्लेही त्यांचा इतिहास बघूनच घ्यावेत. अमेरिकी व्हिडिओ पहिल्यांदा पेट्रोल टाकीचं झाकण घट्ट करायला सांगतात. तिथल्या नियमात पेट्रोलच्या वाफेची गळती तपासणं सक्तीचं आहे. आपले नियम युरोपच्या वाटेने आले, तिथे ती सक्ती नव्हती. म्हणून आपल्या गाडीत झाकणापाशी उत्तर मिळण्याची शक्यता कमीच. उलट आपल्या जिल्ह्याने एक वेगळा धडा दिला आहे. प्रवरानगरपासून सुरू झालेल्या सहकारी साखर कारखानदारीत आज इथेनॉलही बनतं. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला तेवढ्याच हवेसाठी इंधन थोडं जास्त लागतं, साधारण आठ टक्के. संगणक ते भरून काढतो. पण जुन्या गाडीत आधीच थोडी हवागळती असेल, तर ही भर पडून तीच गळती मर्यादेपलीकडे जाऊ शकते. तिथे दोष इथेनॉलवर टाकून मोकळं होण्याआधी नळ्या तपासाव्यात.

शेवटी एक सावधगिरी. कोड पुसून दिवा घालवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. दोष खरोखर गेला असेल, तर साधारण तीन चांगल्या फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो. पीयूसी उभ्या गाडीच्या सायलेन्सरमधला वायू ठरावीक मुदतीने एकदा मोजते. धावत्या गाडीवर वर्षभर नजर ठेवणारा पहारेकरी हा दिवाच. त्याला गप्प केलं की दुखणं तसंच राहतं, फक्त ते आपल्याला कळत नाही आणि शेजाऱ्याच्या छातीत जातं.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. मिस्त्रीकडे जरूर जा, दुरुस्ती त्याच्याच हातची. पण कोड वाचून, फोटो घेऊन, "दिवा काढून द्या" असं न म्हणता "हे का होतंय ते बघा" असं म्हणत जा. वाचायचा हक्क कायद्याने दिलेला आहे, वापरायचा मात्र आपल्याला आहे.