'रिपोर्ट नॉर्मल आहेत' : लंडनच्या एका रुग्णालयाची गोष्ट

आजचा विषय आजाराचा आहे, पण आपण तो इतिहासाच्या बाजूने बघणार आहोत. ताप येतो आणि जातो. चार-आठ दिवसांत बरं वाटायला हवं. पण हातापायांना मुंग्या येत राहतात, स्नायूंत जोर राहत नाही, डोकं गरगरतं, थोडं चाललं तरी दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही. तपासण्या होतात आणि उत्तर मिळतं, 'रिपोर्ट नॉर्मल आहेत'. कोविडनंतर हे वाक्य आपल्यापैकी अनेकांच्या घरात ऐकू आलं. पण ते कोविडपेक्षा पुष्कळ जुनं आहे.

त्यासाठी आपल्याला लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात जावं लागेल. हे नाव आपल्याला अगदीच परकं नाही. लंडनमध्ये स्त्रियांसाठी १८७४ मध्ये वैद्यकीय विद्यालय निघालं, तेव्हा त्यांना रुग्णांजवळ उभं राहून शिकू द्यायला मोठी रुग्णालयं तयार नव्हती. १८७७ मध्ये रॉयल फ्रीने दार उघडलं. आपल्या मुंबईच्या रुखमाबाई १८८९ मध्ये लंडनला गेल्या, त्या याच विद्यालयात शिकल्या आणि याच रुग्णालयाच्या वॉर्डांत वावरल्या. म्हणजे बायकांना डॉक्टर करणारं रुग्णालय अशी या संस्थेची ओळख होती. हा धागा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता १९५५. उन्हाळा म्हणजे तिकडे पोलिओचा हंगाम. साल्क यांची लस यशस्वी झाल्याची बातमी त्याच एप्रिलमध्ये आली होती, पण धास्ती कायम होती. १३ जुलैला रॉयल फ्रीमधले एक निवासी डॉक्टर आणि एक वॉर्ड सिस्टर आजारी पडले. २५ जुलैपर्यंत सत्तरहून अधिक कर्मचारी आजारी होते. रुग्णालय बंद करावं लागलं, ते ५ ऑक्टोबरला उघडलं. नोव्हेंबरपर्यंत एकूण २९२ कर्मचाऱ्यांना हा आजार झाला, त्यांतल्या २५५ जणांना दाखल करावं लागलं. गंमत बघा, रुग्णालय भरलेलं असताना आधीपासून दाखल असलेल्या रुग्णांपैकी फक्त १२ जणांना तो झाला.

सुरुवात साधी असायची. घसा दुखणं, डोकेदुखी, किरकोळ ताप, मानेतल्या गाठी सुजणं. मग मान, पाठ आणि हातपाय दुखायला लागत. चक्कर येई, काहींना एकाचे दोन दिसत, हातापायांत अशक्तपणा आणि बधिरपणा येई. बरं वाटतंय म्हणेपर्यंत आजार उलटे. पोलिओ म्हणावा, तर पाठीच्या कण्यातल्या पाण्यात पोलिओची खूण दिसेना आणि गुडघ्यावर हातोडी मारली की पाय नीट उडे. विषाणू शोधला, सापडला नाही. १९५६ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकाने संपादकीयात या आजाराला नाव सुचवलं : बिनाईन मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस. 'बिनाईन' म्हणजे सौम्य, का, तर कोणी दगावलं नव्हतं. वर्षानुवर्षं खाटेवर काढणाऱ्यांना तो शब्द कसा वाटला असेल, याची आपण कल्पना करू शकतो.

तिथले संसर्गजन्य रोगांचे डॉक्टर मेल्व्हिन रॅमसे यांनी या रुग्णांचा पाठपुरावा सोडला नाही. रुग्णालयाबाहेर, उत्तर लंडनच्या वस्तीतही असेच रुग्ण त्यांना भेटले होते. १९६९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या वर्गीकरणात हा आजार मज्जासंस्थेच्या विकारांत घातला.

आणि पुढच्याच वर्षी, जानेवारी १९७० मध्ये, 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांचे लेख आले. कॉलिन मॅकएव्हेडी आणि ए. डब्ल्यू. बिअर्ड. त्यांचं म्हणणं असं, की रॉयल फ्रीची साथ हा बहुधा सामूहिक हिस्टेरिया होता. कारणं? आजारी पडलेल्यांत तरुण स्त्रियांचं प्रमाण जास्त. ताप थोडा, तक्रारी फार. तपासण्यांत विशेष काही नाही. बधिरपणा हातमोजे-पायमोजे घातल्यासारखा. त्यांनी नवं नावही सुचवलं, 'मायाल्जिया नर्व्होसा'. रुग्ण खोटं बोलतात, असं ते म्हणत नव्हते, हे आपण प्रामाणिकपणे नोंदवायला हवं. पण 'हिस्टेरिया' हा शब्दच ग्रीक भाषेतल्या गर्भाशयाच्या शब्दावरून आलेला. ज्या रुग्णालयाने बायकांच्या बुद्धीवर विश्वास टाकला, तिथल्याच बायकांच्या दुखण्यावर तो शिक्का बसला.

यातली एक गोष्ट आम्हा इतिहासवाल्यांना जास्त टोचते. या दोघांनी एकाही रुग्णाला भेटून तपासलं नाही. पंधरा वर्षांपूर्वीची केसपेपरची बाडं वाचून निष्कर्ष काढला. आणि मॅकएव्हेडी मानसोपचारतज्ज्ञ होतेच, शिवाय इतिहासाच्या गाजलेल्या नकाशासंग्रहांचे लेखकही होते. म्हणजे आमच्याच जातकुळीतले! जुने कागद वाचून माणसांबद्दल ठामपणे बोलणं, हा तर आमचा रोजचा धंदा. पण केसपेपरवर तेवढंच असतं, जेवढं डॉक्टरने विचारलं आणि लिहून घेतलं. 'सिस्टर, आज जिना किती वेळा चढलात?' हे कोणी विचारलं नसेल, तर त्याचं उत्तर कागदावर नसणार. आणि ते कागदावर नाही, म्हणून घडलंच नाही, असं म्हणणं ही इतिहासातली सगळ्यात स्वस्त चूक आहे.

रॅमसे यांनी हा निष्कर्ष मानला नाही. सुजलेल्या गाठी आणि डोळ्यांच्या स्नायूंचा लुळेपणा मनाच्या खेळाने कसा येईल, हा साधा प्रश्न होता. पण 'हिस्टेरिया' लक्षात राहायला सोपा. पुढची अनेक वर्षं अशा रुग्णांना दवाखान्यात आणि घरातही तेच ऐकावं लागलं : मनावर घेऊ नका, जरा हिंडाफिरा. हालचाल वाढवत नेण्याचा 'ग्रेडेड एक्सरसाइज'चा उपाय ब्रिटनमध्ये अधिकृतपणे सुचवला जात होता. तो तिथल्या 'नाइस' या संस्थेने २०२१ मध्ये मागे घेतला. तोवर पुष्कळ रुग्ण सांगत होते की व्यायामानंतर आम्ही आणखी खचतो.

मग २०२० आलं. 'लाँग कोविड' हे नाव डॉक्टरांनी नाही, एलिसा पेरेगो या इटालियन पुरातत्त्वज्ञ बाईंनी, स्वतः रुग्ण असताना, रूढ केलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची व्याख्या केली. रुग्णांनी आधी सांगितलं, शास्त्राने नंतर लिहून घेतलं.

तपासण्यांबद्दल एवढंच. नसांची नेहमीची 'नर्व्ह कंडक्शन' तपासणी जाड तंतूंचं काम मोजते. वेदना आणि ऊन-गार सांगणारे बारीक तंतू तिच्या आवाक्यात येत नाहीत. त्यासाठी कातडीचा छोटा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तंतू मोजावे लागतात. कोविडनंतर मुंग्या आणि जळजळ राहिलेल्या काही रुग्णांत हे तंतू कमी झालेले आढळले आहेत, सगळ्यांत नाही. १९५५ मध्ये तर एमआरआयसुद्धा नव्हतं.

रॉयल फ्रीत नेमकं काय झालं, याचा निकाल आजही लागलेला नाही. तो आपण इथे लावणारही नाही. पण 'रिपोर्ट नॉर्मल आहेत' या वाक्याचा खरा अर्थ आता आपल्याला कळतो : जे तपासलं, ते ठीक आहे. त्यापुढचं वाक्य, 'म्हणजे तुम्हाला काही झालेलं नाही', रिपोर्टात नसतं. ते आपण जोडतो. घरातलं कोणी महिनोन्‌महिने पाय ओढत चालत असेल, तर निदान आपण तरी ते जोडू नये.

आता आपण प्रश्नांकडे वळू.